चुडाव्याची तारीख

बुद्ध पौर्णिमेच्या आठवड्यात, ऐन दुपारी, धम्मशीलाला चुडाव्याहून फोन आला. ती परभणीच्या घरात कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसली होती. पुण्याच्या कंपनीचं काम ती आता इथूनच करत असे. वडील गेल्यावर आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून ती परत आली होती.

"जय भीम, ताई. लिंबाजी बोलायलोय, चुडाव्याचा. विहार समितीचा. ओळखलं का?"

"जय भीम, मामा. ओळखलं की."

लिंबाजीमामांना ती कशी विसरेल? ती शाळेत असताना दरवर्षी होळीच्या आगेमागे ते घरी यायचे. दारात चपला काढायच्या आधीच वडिलांना विचारायचे, "नागनाथराव, आमची पौर्णिमा धरून ठेवली न्हवं?"

"बाई कोणत्या गाडीनं यायल्यात तेवढं इचारायचं होतं," ते म्हणाले. "स्टेशनवर माणूस पाठवतो. ऊन लय हाय."

"कोणत्या बाई?"

"आता घ्या. चांगुणाबाई. तुमच्या मातोश्री. पौर्णिमेला कार्यक्रम हाय न्हवं आपल्याकडं. मांडवाचं सामान आलं. पूर्ण्याहून पाहुणे यायलेत."

"मामा, कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? तुमच्याच वेबसाइटवर हाय की. समस्त गाव बघायलंय महिन्यापासून."

धम्मशीलाने बोलता बोलता लॅपटॉपवर चुडाव्याचं पान उघडलं. मे महिन्याचे चौकोन रिकामे होते. वर लिहिलं होतं, या महिन्यात कार्यक्रम नाही. काही तरी घोटाळा झाला होता, पण मांडव आणलेल्या माणसाला तो फोनवर कसा सांगायचा हे तिला सुचेना. "बघून सांगते, मामा," म्हणून तिने फोन ठेवला.

"लिंबाजीचा होता का?" चांगुणाबाई आतल्या खोलीतून म्हणाली. "गाडीचं इचारत असंल. सकाळची पॅसिंजर बरी, म्हणावं. उन्हाच्या आत पोचतोत."

धम्मशीला उठून दारात गेली. आईने पलंगावर पांढरं लुगडं काढून ठेवलं होतं. इस्त्री केलेलं. वडील गेल्यापासून ते ट्रंकेत होतं.

"माय, तुला कार्यक्रमाचं कोणी सांगितलं?"

"कोणी म्हंजे? तूच ठेवलीस की तारीख." आईने उशीखालचा फोन काढला, बोटाने एकदा दाबलं आणि पुढे केला. "हे बघ."

चुडावा. मे. पौर्णिमेच्या चौकोनात लिहिलेलं होतं: नागनाथ आणि पार्टी, परभणी. संध्याकाळी सहा वाजता.

एकच पत्ता, एकच पान. लेकीच्या लॅपटॉपवर ते रिकामं होतं आणि आईच्या फोनवर भरलेलं. धम्मशीला ते वाचत राहिली. वडिलांचं नाव असं, येणार असलेल्या माणसासारखं लिहिलेलं, तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

नागनाथ कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला होते. दिवसा कलमं बांधायची आणि संध्याकाळी हार्मोनियमची पेटी काढायची. गाणी ते स्वतः रचत. बाबासाहेबांवर, बुद्धांवर, शाळेत जाणाऱ्या पोरींवर, कधी रोपवाटिकेतल्या आंब्यावरसुद्धा. पुढचं ते म्हणत आणि मागचं चांगुणाबाई. ढोलकीवर सेलूचे योगीराज. एप्रिल आला की ही गायनपार्टी घरी नसायचीच. आज पाथरी, उद्या गंगाखेड, परवा कुठलं तरी आडवळणाचं खेडं. टेम्पोत पेटीच्या मागे वाकळ अंथरलेली असे. धम्मशीलाचं निम्मं बालपण त्या वाकळीवर झोपून गेलं होतं. जाग आली की नवीन गाव, नवीन मांडव, आणि तीच गाणी.

तारखांचा कारभार नागनाथांकडेच असे, आणि तो फक्त आपल्या पार्टीपुरता नव्हता. फाल्गुनापासून गावोगावचे लोक स्टेशनसमोरच्या हॉटेलात येऊन बसत. नागनाथ कामावरून सुटले की तिथे जात. कोणाला कोणती पार्टी पाहिजे, कोणती कुठे अडकली, एकाच दिवशी दोन गावांना शब्द दिला गेलाय का, हे ते चहा पिता पिता मिटवत. सगळं तोंडी. त्यांच्या आजारपणात ती बैठक मोडली, आणि ते गेल्यावर पार्ट्यांचे आणि गावांचे घोळ होऊ लागले. कुठे दोन पार्ट्या एकाच मांडवात, कुठे एकही नाही.

म्हणून धम्मशीलाने ती वेबसाइट केली. नाव साधंच ठेवलं, तारखा. पार्टीने आपली तारीख भरायची, गावाने आपलं पान उघडून बघायचं. कोणी चुडावा म्हटलं की सर्व्हर डेटाबेसमधून त्या गावाच्या त्या महिन्याच्या तारखा शोधी, चौकोनांत मांडी, आणि तिथल्या तिथे पान तयार करून देई. दुसऱ्याने मागितलं की पुन्हा पहिल्यापासून. सर्व्हर स्वस्तातला होता. जयंतीच्या दिवसांत सगळा जिल्हा एकदम पानं उघडणार, आणि दरवेळी नवीन पान करता करता त्याला धाप लागणार, हे तिला आधीच दिसत होतं. म्हणून तिने कॅश नावाची सोय लावली. पान एकदा तयार झालं की तेच जपून ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच द्यायचं. कोणी फॉर्म भरून तारीख बदलली की त्या गावाचं जपलेलं पान फेकून द्यायचं, म्हणजे पुढच्या मागणीला ताजं तयार होईल. ती स्वतः मालकीण म्हणून लॉग-इन करत असे, त्यामुळे तिला मात्र दरवेळी ताजंच पान दिसे.

चालू करायच्या आधी, थंडीत, तपासून बघायला तिला खोट्या तारखा हव्या होत्या. आई समोर तूर निवडत बसली होती.

"माय, गावांची नावं सांग. कोणतीही."

चांगुणाबाईने कोणतीही सांगितली नाहीत. तिने नागनाथांचा सबंध एप्रिल सांगितला. चौदाला कुठे, पंधराला कुठे, कोणत्या गावात जेवायला बाजरीची भाकरी आणि कोणत्या गावात नुसता चहा. कुठे माईक बंद पडला आणि नागनाथांनी माईकशिवाय रात्र काढली. धम्मशीला टाइप करत गेली. तारखा यंदाच्या, गावं जुनी. शेवटी आई म्हणाली, "आन् पौर्णिमेला चुडावा. चुडावा कधी चुकला न्हाई." तेही भरून झाल्यावर तिने आपला फोन पुढे केला होता. "मला दाखव बरं, चुडाव्याचं कसं दिसतंय."

धम्मशीलाने दाखवलं होतं. आईने ते पान बराच वेळ धरून ठेवलं, तेव्हा तिला सारखं शोधावं लागू नये म्हणून फोनच्या पडद्यावर त्याचं चिन्हही करून दिलं होतं.

मग खऱ्या तारखा भरायच्या म्हणून तिने त्या सगळ्या खोट्या तारखा एका झटक्यात पुसल्या, फॉर्ममधून नव्हे तर सरळ डेटाबेसमधून. त्यामुळे पान फेकायचा निरोप कॅशपर्यंत गेलाच नाही. बाकीच्या गावांना खऱ्या तारखा येत गेल्या आणि त्यांची जुनी पानं आपोआप गेली. चुडाव्याच्या मे महिन्यात मात्र कोणी काही भरलं नाही. भरतील कशाला? पौर्णिमेच्या चौकोनात नाव होतंच. थंडीत आईच्या फोनसाठी तयार झालेलं ते पान तेव्हापासून चुडाव्यात जो उघडेल त्याला मिळत होतं.

हे सगळं धम्मशीलाच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. एक ओळ लिहून ते पान तिला तिथल्या तिथे पुसता आलं असतं. पण आई पलंगावर लुगड्याशेजारी बसून तिच्याकडे बघत होती.

"काय झालं? नाव चुकलं का कुठं?"

"माय, तू कधीपासून बघायलीस हे?"

"रोजच बघायले. तू बाकीच्या समद्या पुसल्यास, मी बघितलं. पाथरी गेली, गंगाखेड गेलं. एक ही ठेवलीस. मला वाटलं, मुद्दाम ठेवलीस. मला इचारलं असतंस तर मी नगं म्हणले असते, म्हणून इचारलं न्हाईस."

धम्मशीला तिच्या शेजारी बसली. खोटं बोलणं सोपं होतं. हो, मुद्दाम ठेवली, एवढंच म्हणायचं होतं. पण आजवर ती आईशी कधी खोटं बोलली नव्हती, आणि वडिलांच्या नावावर तर बोलवेना.

"मी नाही ठेवली, माय. माझ्या हातून राहून गेलं." तिने जमेल तसं समजावून सांगितलं. सर्व्हरने जुनं पान जपून ठेवलं, ते टाकून द्यायला तो विसरला, कारण तिने त्याला नीट सांगितलंच नव्हतं.

चांगुणाबाईने ऐकून घेतलं. फोन हातात घेऊन पुन्हा एकदा बघितलं. मग तो पालथा ठेवला, उठून स्वयंपाकघरात गेली, आणि भांडी घासलेली असताना पुन्हा घासायला बसली. धम्मशीला मागून गेली नाही. आईचं रडणं असंच असे, पाण्याच्या आवाजात.

थोड्या वेळाने नळ बंद झाला.

"लिंबाजीला काय सांगितलंस?"

"काहीच नाही. बघून सांगते म्हणाले."

"मांडव आणलाय म्हणाला न्हवं?"

"हो. पूर्ण्याहून पाहुणे येणार आहेत."

"मग न्हाई म्हणू नगस." आई पदराला हात पुसत दारात आली. "गावानं वाचलंय. आता ते खरंच धरायचं. योगीराजला फोन लाव."

धम्मशीलाने फोनच्या आधी एक काम केलं. लॅपटॉप उघडून फॉर्ममध्ये तारीख नव्याने भरायला घेतली, रीतसर. पार्टीच्या नावाच्या रकान्यापाशी ती थांबली.

"नाव काय लावू? चांगुणाबाई आणि पार्टी?"

"कशाला? हाय तेच ऱ्हाऊ दे. पार्टी त्यांची. मी पार्टीतली." आणि वर म्हणाली, "मी कधी पुढचं म्हणलंय का?"

योगीराज दुसऱ्याच दिवशी सेलूहून ढोलकी घेऊन आले. कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यापासून ते घरीच असत आणि नातवंडांना शाळेत सोडत. ढोलकीची शाई निघाली होती, ती त्यांनी येता येता भरून आणली होती. चहा झाला, नागनाथांच्या फोटोपुढे दोघं थोडा वेळ उभे राहिले, आणि मग बैठक मारली.

बसल्यावर अडचण कळली. चांगुणाबाईला सगळी गाणी येत होती, पण तिच्या बाजूने. नागनाथ एक ओळ म्हणायचे आणि ती तिचं उत्तर द्यायची. त्यांचा आवाज जिथे संपे तिथून तिचा सुरू व्हायचा. आता सुरुवात तिलाच करायची होती. ती वर उचलायची आणि आवाज फाटायचा. खाली घेतलं की गाणं बसून जायचं.

"त्यांची पट्टी मला लागत न्हाई, योगीराज."

"दोन सूर खाली घ्या, वहिनी. कोण मोजायलंय?"

"खाली घेतलं की ते गाणंच वाटत न्हाई."

पेटी घरात नव्हती. नागनाथ गेल्यावर आईने ती भाच्याच्या पार्टीला देऊन टाकली होती, आणि ती पार्टी पौर्णिमेला दुसऱ्या जिल्ह्यात होती. लिंबाजीमामांना विचारलं तर म्हणाले, पेटीची काळजी सोडा, आमची सून निकिता वाजवते, विहारात शिकली. चाली तिला ठाऊक आहेत का, यावर त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "चाली साऱ्या चुडाव्याला ठाऊक हायेत."

दोन संध्याकाळी त्यांनी तालीम केली. धम्मशीला बाजूला बसून ऐकत असे. काही गाणी जमली, काही नाही. नागनाथांचं पहिलं गाणं, ज्याने प्रत्येक कार्यक्रम सुरू होई, ते आईने बाजूलाच ठेवलं. योगीराजांनी दोनदा सुचवलं. ती म्हणाली, "बघू तिथं."

पौर्णिमेच्या सकाळी ते तिघं पॅसिंजरने निघाले. पूर्णा जंक्शनला गाडी बराच वेळ उभी राहिली. योगीराजांनी खाली उतरून भजी आणली. आई खिडकीशी बसली होती, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन. पूर्वी ते टेम्पोने जायचे तेव्हा नागनाथ पुढे ड्रायव्हरशेजारी बसत आणि गाव जवळ आलं की मागच्या पत्र्यावर हाताने थाप मारत. मग मागे सगळे उठून केस विंचरत, पदर सारखे करत. आज चुडावा जवळ आल्यावर कोणी थाप मारली नाही, तरी आईने पिशवीतून कंगवा काढला.

स्टेशनवर लिंबाजीमामा स्वतः आले होते. पूर्वीपेक्षा वाकले होते, पण फेटा तसाच. त्यांनी चांगुणाबाईला हात जोडले. मग धम्मशीलाकडे वळून म्हणाले, "हिला मी खांद्यावर घेऊन वस्तीत नेलेलं हाय. ह्याच वाटंनं."

दुपार लिंबाजीमामांच्या घरी गेली. बायका येऊन बसत होत्या, चांगुणाबाईच्या गुडघ्यांची, धम्मशीलाच्या नोकरीची चौकशी करत होत्या. तानुबाई म्हणून एक म्हातारी होती, नजर गेलेली. तिने धम्मशीलाचा चेहरा हाताने चाचपला. "पेटीमागं निजायची ती का ग तू? एकदा आमी तुला तिथंच विसरून भाकरी खायला गेलतोत. उठून तू काही रडली न्हाईस. पेटी वाजवत बसलीस."

धम्मशीलाला हे आठवत नव्हतं. पण ते या बाईला आठवतंय, आणि आपल्या आयुष्यातलं असं बरंच काही त्या त्या गावांतून अजून कोणाकोणाजवळ असेल, असं तिच्या मनात आलं.

निकिता पेटी घेऊन आली. लग्न होऊन तिला फार दिवस झाले नव्हते. ती लाजत होती, पण भात्यावर हात पडला की लाजणं जायचं. योगीराजांनी दोन चाली वाजवून घेतल्या आणि मान हलवली. "बोटं चांगली हायेत."

ऊन उतरल्यावर विहारापुढच्या मांडवात वंदना झाली. पंचशील झालं. खिरीची पातेली मागच्या बाजूला झाकून ठेवलेली होती. समोर सतरंज्यांवर गाव बसलं होतं, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि मागे मोटरसायकलींवर तरुण पोरं. लिंबाजीमामांनी माईकवर दोनच वाक्यं सांगितली. नागनाथराव यंदाही आपल्या तारखेला आले, असं आपण समजू. बाई, सुरू करा.

चांगुणाबाई माईकसमोर बसली. डाव्या बाजूला, जिथे ती नेहमी बसायची. मधली जागा रिकामीच राहिली. तिने योगीराजांकडे बघितलं, आणि तालमीत जे गाणं बाजूला ठेवलं होतं त्याचा ठेका मागितला.

ढोलकी सुरू झाली. निकिताने चाल धरली. पुढची ओळ यायची जागा आली, आणि आई गप्प राहिली. तोंड उघडलं होतं, आवाज नव्हता. ठेका एक फेरा फिरून पुन्हा त्याच जागी आला. पुन्हा ती गप्पच. योगीराजांनी हात थांबवला नाही. त्यांची नजर ढोलकीवरच होती. धम्मशीला कडेला उभी होती. तिला वाटलं, आता पुढे जाऊन आईला उठवावं, पाणी द्यावं, काही तरी सांगून वेळ मारून न्यावी. तिने एक पाऊल टाकलंही.

तेवढ्यात बायकांमधून एक कापरा आवाज आला. तानुबाई होती. माईक नाही, काही नाही, आंधळे डोळे मांडवाच्या छताकडे, आणि नागनाथांची ओळ.

माळावरच्या वाटेवरती दिवा कोणी लावला...

दुसऱ्या बायकांनी तिला धरलं, मग पुरुषांनी. लिंबाजीमामांचा बेसूर, जाड आवाज सगळ्यात वर लागला. वर्षानुवर्षं ऐकलेली ओळ होती. कोणाला आठवावी लागली नाही. ओळ संपली, जिथे नागनाथांचा आवाज संपायचा तिथेच, आणि तिथून चांगुणाबाईने आपली ओळ उचलली.

दिवा कोणी लावला ग, आंधार आमचा पळाला...

आवाज खणखणीत लागला. फाटला नाही, कापला नाही. ती तिची पट्टी होती, तिची जागा होती. पुढचं कडवं गावाने म्हटलं, मागचं तिने. नंतरच्या गाण्याला कोणाला काही सांगावं लागलं नाही. गाव नागनाथांचं म्हणे आणि चांगुणाबाई आपलं. मध्ये एका कडव्याला सगळे अडखळले, शब्द कोणालाच येईनात. तेव्हा आई हसली आणि गद्यातच सांगितलं, "इथं ते खोकायचे." मांडव हसला. मागे मोटरसायकलींवरची पोरं, ज्यांना ही गाणी येत नव्हती, तीही पुढे येऊन बसली होती.

धम्मशीला कधी खाली बसली ते तिला कळलं नाही. ती पेटीच्या मागे बसली होती, निकिताच्या पाठीशी, आणि रडत होती. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, ते बरं होतं.

गाणी आटोपून खीर वाटताना लिंबाजीमामा चांगुणाबाईजवळ येऊन बसले. "बाई, पुढच्या पौर्णिमेचं काय?"

"आवाज राहिला तर येते."

"आवाजाचं आमी बघून घेऊ. तुमी या."

ती खिरीची वाटी दोन्ही हातांनी धरून बसली.

पुढच्या आठवड्यात धम्मशीलाने वेबसाइटचं काम नीट केलं. तारीख कुठूनही पुसली, तरी त्या गावाचं पान जाईल, आणि कोणतंही पान एका दिवसापेक्षा जास्त जपलं जाणार नाही, अशी सोय केली. त्यानंतर दोन-तीन गावांनी चांगुणाबाईला बोलावलं. एका गावाला तिने होकार दिला, बाकीच्यांना निकिताचं नाव सांगितलं. निकिता आता अधूनमधून परभणीला येते, आईसमोर बसते आणि पुढच्या ओळी शिकते. आई तिला फार रागावते.

पण ते सगळं नंतरचं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुडाव्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभे होते. तानुबाईने कैऱ्यांचं गाठोडं पाठवलं होतं. गाडीत बसल्यावर आई आणि योगीराज यांच्यात वाद लागला. एकदा चुडाव्याहून परतताना टेम्पो ओढ्यात अडकला होता, तो कोणत्या वर्षी. योगीराज म्हणत, त्यांच्या थोरलीच्या लग्नाच्या वर्षी. आई म्हणे, लग्नाच्या आधीच्या.

"त्या साली पाऊसच न्हवता, वहिनी."

"पाऊस न्हवता तर टेम्पो काय वाळूत बुडाला?"

"वाळूतच बुडालता. नागनाथराव उतरून पत्र्यावर बसलते आन् म्हणत होते, आता इथंच कार्यक्रम करू."

"हां, ते म्हणलते," आई म्हणाली. "ते खरं."

परभणी आली. योगीराजांना पुढे सेलूपर्यंत जायचं होतं. मायलेकी उतरल्या. आईने खिडकीतून निम्म्या कैऱ्या त्यांच्या धोतरात ओतल्या. गाडी हलली तरी ती खिडकीच्या दांड्याला धरून दोन पावलं चालली.

"आधीच्याच साली," ती म्हणाली. "घरी जाऊन इचारा."